निकालानंतर बदललेली स्पर्धा

पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये मी आजही डाव्या खिडकीशी बसत नाही. त्या बाजूला ते नाट्यगृह दिसतं. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, राग किती धरायचा? मी म्हणते, इमारत उभी आहे तोवर धरायचा. दगडाची इमारत आहे, माझ्यापेक्षा जास्त टिकेल, तेव्हा पुढचं बघायला मी असणार नाही.

मी डिचोलीची. बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दिवसभर ते मीटरपट्टीने कापड मोजायचे आणि जत्रेचे दिवस आले की राजे व्हायचे. आमच्याकडे गावागावांत देवळापुढे मराठी नाटकं होतात, त्यांत बाबांनी उभा जन्म काम केलं. मी त्यांच्या मागे मागे सगळीकडे फिरले. त्यामुळे नाटक मी पुढून कमी आणि मागून जास्त पाहिलं. कुणाच्या तरी पडवीत धोतर लावून केलेली रंगपटाची खोली, तिथे एकाच आरशापुढे दाटीवाटीने बसलेले पुरुष, आणि बायकांनी कपडे बदलायला शेजारच्या घरी जायचं. उजवीकडून आत गेलेल्या नटाला पुढच्या प्रवेशात डावीकडून यायचं असेल तर त्याने देवळाला वळसा घालून धावत यायचं. एकदा बाबा मुकुट सांभाळत असे धावताना गटारात गेले आणि एका पायात मोजडी नसलेला राजा दरबारात आला. घरी आल्यावर ते हसत हसत आम्हाला सांगत होते. मला मात्र हसू आलं नव्हतं. माझ्या बाबांना कुणी साधी वाट का करून दिली नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुंबईहून आर्किटेक्ट होऊन मी परत आले तेव्हा गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि जिथे तिथे काही ना काही बांधायच्या गोष्टी चालल्या होत्या. कॉलेजातला माझा एक वर्गमित्र कोरगावचा. आम्ही दोघांनी म्हापशात एक खोली घेतली. खाली पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी होती, त्यामुळे आमच्या नकाशांना कायम ताज्या उंड्यांचा, पावांचा वास. लोकांची घरं, कुंपणाच्या भिंती, एखाद्या बलकांवाची, दारापुढच्या बैठकीच्या ओट्याची, दुरुस्ती, असलीच कामं. माझ्यापेक्षा त्याचा हात फार चांगला होता, हे मी तेव्हाही म्हणायचे. तो कागदावर जिना काढायचा तर पाय टाकावासा वाटायचा.

एके सकाळी तो वर्तमानपत्र हलवत जिना चढून आला. एका सरकारी समितीने पेडणे तालुक्यासाठी नाट्यगृह बांधायचं ठरवलं होतं आणि त्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर केली होती. समितीचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आता नाहीत, आणि जी आहेत ती तेव्हाही नसल्यासारखीच होती.

संध्याकाळी दुकानात जाऊन मी बाबांना जाहिरात वाचून दाखवली. त्यांनी ताग्याची घडी घालता घालता विचारलं, “म्हणजे आमच्या नाट्यस्पर्धेसारखी? पहिला येतो त्याला ढाल?”

“नाही बाबा. आमच्या स्पर्धांचे प्रकार असतात. काही मर्यादित असतात. चार-पाच आर्किटेक्टांना नावानिशी बोलावतात, बाकीच्यांनी बघत बसायचं. ही खुली आहे, कोणीही भाग घ्यावा. काहींचा निकाल एकाच फेरीत लागतो. इथे दोन टप्पे आहेत. आधी कच्चे आराखडे, त्यांतले मोजके निवडून मग त्यांच्याकडून सविस्तर नकाशे.”

“आणि जिंकल्यावर?”

“तेच तर महत्त्वाचं. काही स्पर्धा नुसत्या कल्पनांच्या असतात. लोकांनी विचार मांडावेत, बक्षीस घ्यावं आणि घरी जावं. तिथे कोणी काही बांधायला बांधलेला नसतो. ही प्रकल्प स्पर्धा आहे. जिंकेल त्यालाच काम द्यायचं.”

बाबांनी चष्मा वर केला. “छापलंय तसं?”

“छापलंय.”

“मग कर गो बाय. तुका ठावूक आसा आमकां कित्याची गरज आसा ती.”

आम्ही नियमपुस्तिका मागवली. ती वाचून माझा मित्र खुर्चीवर चक्क मांडी घालून बसला. इतकी नीट पुस्तिका आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हती. परीक्षकांची नावं आधीच दिलेली, आणि त्यांत आर्किटेक्टांचं बहुमत. अध्यक्ष म्हणून पुण्याकडचे एक निवृत्त प्राचार्य. शंका विचारायला मुदत, आणि कुणाही एकाच्या शंकेचं उत्तर सगळ्या स्पर्धकांना पाठवायचं, म्हणजे कुणाला आतली बातमी नको. नकाशावर नाव नाही, सही नाही, ओळखू येईल अशी कोणतीही खूण नाही. नाव बंद पाकिटात, आणि ते पाकीट निकालानंतरच फोडायचं. माझा मित्र प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक शेपूट वर केलेला कुत्रा काढायचा, त्याची ती सवयच होती. तो कुत्रा यावेळी नाही, असं मी त्याला बजावलं. तरी एका कागदावर त्याने काढलाच आणि मग ब्लेडने खरवडत बसला.

खोलीतलं टेबल लहान पडायला लागलं तेव्हा आम्ही कोरगावला त्याच्या घरी गेलो. काजूचे दिवस होते. मागच्या भाटात, काजूच्या बागेत, बोंडांचा खच, घरभर त्याचा आंबूस वास, आणि परसात फेणीची भट्टी पेटलेली. त्याच्या आईने, काकींनी, आम्हाला माळीवरची, वरच्या मजल्यावरची, खोली मोकळी करून दिली. आम्ही आधी नाट्यगृहाची मागची बाजू काढली आणि मग पुढची. रंगमंचाच्या पाठभिंतीमागून एक रुंद बोळ, उजव्या विंगेतून डाव्या विंगेत जाणारा, वर छप्पर असलेला. दोन टोकांना दोन रंगपट, बायकांचा वेगळा, आतून कडी असलेला. सामानाचा टेम्पो थेट मागे लागेल असा ओटा, कारण सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळं पेटारे घेऊन येतात आणि पेटारा जिन्यावरून चढवणं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. वीज गेली तरी प्रयोग चालावा म्हणून दोन्ही बाजूंना वारा आत येईल अशा जांभ्या चिऱ्यांच्या जाळीच्या भिंती. हे सगळं झाल्यावर त्याने पुढचा भाग काढला. तीन टप्प्यांत उतरत येणारं कौलारू छप्पर आणि त्याखाली चिऱ्यांच्या खांबांचा लांब व्हरांडा. तो नकाशा पाहून काकींना नाटक नसतानाही तिथे बसावंसं वाटलं. म्हणाल्या, “हांगा बसान माणूस नाटक नासतानाय वेळ काडीत.”

पहिल्या टप्प्यात आम्ही निवडले गेलो. दुसऱ्या टप्प्यासाठी मॉडेल केलं. आणि मग निकाल लागला. आमचा आराखडा पहिला. वर्तमानपत्रात आमची दोघांची नावं आली. बाबांनी तो अंक दुकानाच्या काचेला आतून चिकटवला, आणि नुसता रुमाल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ते तो वाचायला लावत.

समितीच्या सचिवांनी आम्हाला पणजीला बोलावलं. ते इंजिनियर होते. गोड माणूस, सतत हसरा. चहा मागवला, बिस्किटं मागवली, आमच्या आराखड्याची इतकी स्तुती केली की मला संकोच वाटायला लागला.

मग ते म्हणाले, “आता पुढचं सगळं आमचा विभाग बघेल. तुम्ही निर्धास्त राहा.”

मला वाटलं, बांधकामाचं म्हणताहेत. मी म्हणाले, “हो, पण बांधकामासाठीचे नकाशे आम्ही कधीपर्यंत द्यायचे?”

“नाही नाही, तेही आम्हीच करणार. तुम्ही कल्पना दिलीत, ती फार छान आहे.”

माझा मित्र म्हणाला, “सर, ही प्रकल्प स्पर्धा होती.”

“कल्पना स्पर्धा होती.”

“पुस्तिकेत प्रकल्प स्पर्धा म्हटलंय.” मी पिशवीतून पुस्तिका काढून त्यांच्यापुढे पान उघडलं.

त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. “ती छपाईतली गफलत. शुद्धिपत्रक निघालंय. वाचलं नाहीत?”

शुद्धिपत्रक खरंच निघालं होतं. निकालानंतर. निविदांच्या आणि हरवलेल्या गुरांच्या जाहिरातींच्या मधोमध दोन ओळी, की सदर स्पर्धा कल्पना स्पर्धा समजावी आणि सादर झालेले आराखडे समितीच्या मालकीचे राहतील. धावण्याची शर्यत संपल्यावर सांगायचं की ही लांब उडी होती! आम्ही नियम पाळायचे म्हणून ब्लेडने कुत्रा खरवडला, आणि नियम करणाऱ्यांनी नियमच खरवडून टाकला.

“हे तुम्ही निकालाआधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“मॅडम, तरुण आहात,” ते हसत म्हणाले. “एवढं मोठं काम तुम्हाला पेललं असतं का? आम्ही तुमचा भारच हलका केला.”

आम्हाला पेललं नसतं, तर परीक्षकांनी आम्हाला निवडलं कशाला? पाकीट बंद असताना आराखडा उत्तम होता. पाकीट फोडल्यावर आतून डिचोलीची एक पोरगी आणि कोरगावचा एक पोरगा निघाला, आणि तेवढ्यानेच तो आराखडा विभागाचा झाला.

आम्ही गप्प बसलो नाही. परीक्षकांच्या अध्यक्षांना, त्या निवृत्त प्राचार्यांना, लिहिलं. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी समितीला खरमरीत शब्दांत कळवलं की आपण प्रकल्प स्पर्धेचे परीक्षक म्हणून आलो होतो, कल्पना स्पर्धा असती तर आपण निवडीचे निकषच वेगळे लावले असते. त्यांना उत्तर गेलं नाही. आर्किटेक्टांच्या एका संघटनेकडे गेलो. त्यांनी ‘दखल घेतली आहे’ असं कळवलं. ती दखल कुठे ठेवली ते अजून कळलेलं नाही. पणजीतल्या वकिलांनी पुस्तिका वाचून सांगितलं, तुमची बाजू भक्कम आहे, पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथे नाटकं सुरू झालेली असतील. शेवटी समितीच्या अध्यक्षांना गाठलं. ते राजकारणातले. “बाये, तुज्या बापायक हांव वळखतां,” ते म्हणाले. “तुमची दोघांची नावं कोनशिलेवर बारीक अक्षरांत घालू. पुरे ना?”

मी म्हणाले, “चोरलेल्या इमारतीवर आमची नावं नकोत.”

“चोरलेली कशी? तुमचीच ना ती?”

बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहून रडले. रागाने रडू येतं ते मला तिथे कळलं.

माझ्या मित्राने मात्र एक अश्रू काढला नाही. तो हळूहळू बोलायचा थांबला. म्हापशाच्या खोलीत तासन्‌तास कोरा कागद लावून बसायचा. एक दिवस म्हणाला, “मस्कतला एका कंपनीत जागा आहे. गोदामं काढायची.”

“तू गोदामं काढणार?”

“गोदाम चोरीला जात नाही गो. कुणाला हवंच नसतं.”

मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. भांडलेही. तो गेला. काकींनी आमचं मॉडेल कोरगावच्या घरात दर्शनी टेबलावर ठेवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हें म्हज्या पुतान बांदलां. बांधलेलं नाही, हे त्यांना सांगायचा धीर आम्हा कुणालाच झाला नाही.

नाट्यगृह उभं राहिलं. उद्‌घाटनाला आम्हाला निमंत्रण नव्हतं, पण पहिला प्रयोग सिंधुदुर्गातल्या एका मंडळाचा होता आणि त्यांच्यातले काही बाबांच्या ओळखीचे. बाबा म्हणाले, “चल, वचूया. आपल्या डोळ्यांनी पळोवया.”

लांबूनच ओळखलं. तेच. तीन टप्प्यांत उतरणारं छप्पर, तोच खांबांचा व्हरांडा, जवळ गेल्यावर तीच पायरीची उंची. क्षणभर मला अभिमानच वाटला, आणि त्या अभिमानाचीही चीड आली. आत गेलो. जाळीच्या भिंती नव्हत्या. सपाट भिंती आणि पंखे. मग प्रयोग सुरू झाला आणि उरलेलं कळलं. राणी उजवीकडून आत गेली. पुढच्या प्रवेशात तिला डावीकडून यायचं होतं. राजाने संवाद म्हटला, राणी नाही. राजाने तो दुसऱ्यांदा म्हटला, पेटीवाल्याने सूर लांबवला, राणी नाही. प्रेक्षक खिदळायला लागले. शेवटी राणी आली ती धापा टाकत, आणि तिच्या नऊवारीच्या काठाला पार गुडघ्यापर्यंत कुसळं.

मागचा बोळ त्यांनी काढूनच टाकला होता. पाठभिंत सरळ रंगमंचाला भिडवली होती. राणीचं काम करणारा तो माणूस बाहेर पडून, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेतून, गवत तुडवत, सगळ्या इमारतीला वळसा घालून आला होता. लोक पोट धरून हसत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

मध्यंतरात सचिव आभार मानायला उभे राहिले. ते म्हणाले, “ही वास्तू आमच्या विभागाने स्वतः रचलेली आहे.”

मी उठून उभी राहिले. असं करायचं ठरवून गेले नव्हते. “खोटं आहे,” मी म्हणाले.

सगळी डोकी वळली. “मॅडम, कृपया बसा,” सचिव म्हणाले. तेच हसू.

“बसते. आधी एवढं सांगा. पुढचं छप्पर आमचं घेतलंत, खांब आमचे घेतलेत. मग मागचा बोळ का नाही घेतलात?”

“खर्चात बचत म्हणून...”

“व्हरांड्यात बसतो तो दिसतो, म्हणून व्हरांडा ठेवलात. मागून धावतो तो दिसत नाही, म्हणून त्याची वाट कापलीत. चोरी करायची तर निदान पुरी करायची!”

मग बाबा उभे राहिले. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात सरकारी माणसापुढे कधी आवाज केला नाही, पंचायतीच्या कारकुनालाही वाकून नमस्कार करणारे. ते नुसते माझ्या शेजारी ताठ उभे राहिले. पडदा बाजूला करून राणी डोकावली, काठाची कुसळं काढत, आणि पुरुषी आवाजात म्हणाली, “ओ सायबानु, माका पण सांगा, वाट खंय गेली?” सगळं नाट्यगृह हसलं, पण आता ते हसणं सचिवांवर होतं. सचिवांनी माईक ठेवला.

यातून काही झालं का? नाही. बोळ झाला नाही. चौकशी झाली नाही. उलट सरकारी कामाच्या यादीतून आमचं नाव असं गायब झालं की मी कित्येक वर्षं खाजगी घरं आणि शिकवण्यावर काढली. सचिव बढती घेऊन निवृत्त झाले. आर्किटेक्चरच्या मुलांना शिकवताना मी स्पर्धांच्या प्रकारांवर एक अख्खा तास घेते आणि त्या तासाला माझा आवाज चढतो, हे त्यांनाही माहीत आहे. खुली की मर्यादित, एका टप्प्याची की दोन, हे शब्द मुलांना परीक्षेपुरते वाटतात. त्या शब्दांवर माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं हे त्यांना कसं कळावं?

नंतर बऱ्याच वर्षांनी डिचोली तालुक्यातल्या एका गावाला वाचनालय बांधायचं होतं. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “आम्ही चौघांना बोलावतोय. मर्यादित स्पर्धा. तुम्ही याल?”

मी त्यांना इतके उलटसुलट प्रश्न विचारले की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. परीक्षक कोण? काम जिंकणाऱ्यालाच देणार? अटी बदलणार नाही असं लिहून देणार? त्या प्रत्येक प्रश्नाला “हो” म्हणाल्या, आणि जे त्यांना माहीत नव्हतं ते विचारून कळवते म्हणाल्या आणि खरंच कळवलं.

मी आराखडा दिला आणि हरले. माझ्याहून पुष्कळ लहान अशी एक मुलगी जिंकली. त्यांनी चारही आराखडे शाळेच्या हॉलमध्ये मांडले आणि शेजारी परीक्षकांचं मत लावलं. माझ्याबद्दल लिहिलं होतं की वाचनाच्या खोलीची जनेलं, म्हणजे खिडक्या, पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर मुलांच्या डोळ्यांवर ऊन येईल. मी तिथेच उभी राहून माझ्या नकाशाकडे पाहिलं. ऊन आलंच असतं. त्या मुलीचं वाचनालय तिने स्वतः उभं राहून बांधून घेतलं आणि ते चांगलं झालं आहे.

शाळेच्या हॉलमध्ये ते आराखडे पाहून आले त्या संध्याकाळी मी मस्कतला फोन केला.

“हरलीस?” मित्राने विचारलं.

“हरले. सगळं नियमाने झालं. पाकीट, परीक्षक, मत, सगळं.”

“मग बरं वाटलं असेल.”

“नाही रे. जास्तच चिडलेय. एक छोटं गाव, एक मुख्याध्यापिका, आणि तिने हे सहज केलं. म्हणजे यात अवघड काहीच नव्हतं. त्या समितीला जमलं नाही असं नव्हतंच. त्यांना करायचं नव्हतं.”

तो मग म्हणाला, “त्या मुलीच्या नकाशातल्या जिन्याचा फोटो पाठव.”